बाईंचं पुढचं चाक

साताऱ्यात बाईंच्या घरी खोली भाड्याने हवी असेल तर आधी कृष्णेच्या उपनद्या सांगाव्या लागत. मी लोणंदची. आमच्याकडे रेल्वे आहे, कांद्याचा बाजार आहे, पण नदी म्हटली की नीरा, तिच्यापलीकडे आमचा भूगोल जात नाही. मी वेण्णा, कोयना, वारणा अशी नावं घेतली आणि अडकले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, उरलेल्या नद्या स्वतःच म्हणून दाखवल्या आणि निकाल दिला, "निम्म्याच आल्या. तुला वरची खोली. भूकंपात वरची आधी जाते." मी हसले. बाई हसल्या नाहीत.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. नव्वदीचं दशक सुरू झालं होतं आणि मी एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून नुकती चिकटले होते. बाईंनी लग्न केलं नव्हतं, घर स्वतःच्या कमाईतून बांधलं होतं, आणि दोन्ही गोष्टींबद्दल कुणी विचारलं की त्या त्यालाच उलट प्रश्न विचारत. त्यांचं लहानपण कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत गेलेलं. जमीन हलते हे त्यांनी पुस्तकात वाचायच्या आधी अंगणात अनुभवलं होतं. त्यामुळे त्यांच्या घरात प्रत्येक खोलीत एक स्टीलचा पेला उपडा आणि त्याच्यावर दुसरा पेला, अशी यंत्रणा असे. वरचा पेला पडला की असेल त्या कपड्यांनिशी रस्त्यावर यायचं, ही भाडेकराराची पहिली अट.

एका रविवारी भर जेवणाच्या वेळेला पेला पडला. बाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं, शेजारपाजारच्या कड्या वाजवल्या आणि अख्खी गल्ली उष्ट्या हातांनी रस्त्यावर उभी केली. थोड्या वेळाने बाईंच्या स्वयंपाकघरातून एक मांजर मिशा चाटत बाहेर आलं. लोक मांजराकडे बघायला लागले, मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, "तालीम बरी झाली. कोपऱ्यातल्या बंगल्याने तेवढा उशीर केला." कोपऱ्यातल्या बंगल्यातले वकीलसाहेब त्यावर खरोखर "माफ करा" म्हणाले आणि घास गिळत आत गेले.

बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पुढचं सांभाळा, मागचं आपसूक येतं." हे वाक्य त्या कशालाही लावत. मुलींना उत्तरपत्रिकेचं पहिलं पान नीट लिहायला सांगताना हेच वाक्य, सरकार पडलं की हेच वाक्य, आणि माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हाही हेच. "नवरा पुढे चालणारा असेल तर आधी त्याचा तोल बघून घे, मागून तुला फरफटत जायचंय," असं त्यांनी मला बघायला आलेल्या मंडळींच्या देखत सांगितलं. मंडळींनी पोहे संपवले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही.

हे तत्त्वज्ञान त्यांना सायकलीने दिलं होतं. सायकल मूळची त्यांच्या भाच्याची. भाचा पलूसचा, म्हणजे जिथे डोळे फाटेपर्यंत सपाट रान, तिथला. त्याने हट्टाने डोंगरात चालवायची गिअरची सायकल घेतली आणि महिन्याभरात त्याला मोटारसायकलचे डोहाळे लागले. बाई ती सायकल साताऱ्यात घेऊन आल्या. "सायकल डोंगराची आणि मुलगा सपाटीवरचा, दोघांची पत्रिकाच जुळत नव्हती," असं त्या म्हणत. पन्नाशी उलटलेल्या बाई त्या दिवसापासून पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून शाळेत जाऊ लागल्या. मुख्याध्यापकांनी शिस्तीचा मुद्दा काढला. बाई म्हणाल्या, "साडी चेनमध्ये अडकून मी भर नाक्यावर उघडी पडले, तर किती शिस्त राहील ते सांगा." मुद्दा मुकाट्याने मागे गेला.

आणि मग एका सकाळी बाई पडल्या. उतारावर कुणीतरी रस्ता दुरुस्त करण्याच्या उदात्त हेतूने खडी पसरून ठेवली होती आणि दुरुस्ती करायचं ते विसरून गेले होते. पुढचं चाक खडीत सटकलं, बाई हातावर आल्या, मनगट मोडलं. हात गळ्यात अडकवून त्या घरी आल्या तेव्हाही तक्रार हाताबद्दल नव्हती. "चाक बारीक पडतं गं पुढचं," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पलूसहून त्यांचा धाकटा भाऊ, त्या भाच्याचा बाप, आला. सैन्यातून निवृत्त झालेला. गावात सगळे त्याला हवालदार म्हणत, बाईसुद्धा. चपला दाराशी जोडीने लावून तो खुर्चीच्या टोकावर ताठ बसला आणि त्याने हुकूम वाचून दाखवावा तसं सांगितलं, "आक्का, आता बास. मळ्यावर तुज्यासाठी खोली बांधतुया. दिवाळीच्या आत बिस्तरा गोल करायचा आन् तिकडं यायचं. हे घर इकून टाकू. लय झालं एकटं ऱ्हाणं."

"मी काय तुझी पलटण आहे का?"

"पलटण ऐकत हुती."

मी चहा घेऊन मध्ये उभी. चहा निवत होता आणि माझा जीवही. बाई गेल्या तर घर जाणार, घर गेलं तर माझी खोली जाणार, आणि एकट्या मुलीला काही न विचारता, म्हणजे नद्यांपलीकडे काही न विचारता, खोली देणारं दुसरं माणूस मला साताऱ्यात सापडणार नव्हतं. शेवटी बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पुन्हा पडले तर येते."

"आन् न्हाई पडलीस तर?"

"तर घर विकायची भाषा पुन्हा काढायची नाही."

"पर कवापातूर?"

इथे थांबायला हवं होतं. पण बाईंना थांबणं माहीत नव्हतं. "तुझी खोली बांधून झाली की बोलव. पलूसच्या स्टँडपासून मळ्यापर्यंत सायकलवर येते. खोलीच्या दारापर्यंत न पडता आले तर जिंकले. आणि पडणं सोड, वाटेत जमिनीला पाय टेकला तरी पडले असं धर." हवालदार उठला, "शब्द?" म्हणाला. बाईंनी डावा हात पुढे केला, कारण उजवा प्लॅस्टरमध्ये होता.

प्लॅस्टर निघालं त्याच दिवशी बाई सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्रीचं दुकान राजवाड्याकडे, एका जिन्याखाली. साताऱ्यात कारागीर कधी नाही म्हणत नाही. तो "होतंय की" म्हणतो, आणि ते कसं होतंय हे मग दोघांनी मिळून शोधायचं असतं. बाईंनी पुढच्या चाकाला जाडजूड, हाताच्या ओंजळीत मावणार नाही असा टायर हवा म्हणून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "होतंय की बाई."

असा टायर बाजारात मिळत नाही, हे दोघांना आठवड्याने कळलं. मग बाईंनी कागदावर आकृती काढली आणि शाळेच्या सुट्टीत कामाला सुरुवात झाली. दोन रिंगा शेजारी शेजारी ठेवून ग्रिलवाल्याकडून वेल्डिंग करून एक रुंद रिंग केली. दोन टायरांची एकेक कड कापली आणि रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून ते मधोमध शिवून एक केले. आत मोटारसायकलची ट्यूब ताणून बसवली. हवा भरल्यावर ते धूड असं फुगलं की सायकलच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांत, शिरेना. "चिमटा नवा करावा लागतोय," मिस्त्री म्हणाला. ग्रिलवाल्याने पाइप वाकवून नवा चिमटा केला. तो जुन्यापेक्षा उंच झाला, त्यामुळे सायकलने पुढून मान वर केली आणि बाई मागे रेलून बसायला लागल्या. ब्रेकचे पंजे या टायरला कवेत घेईनात. मिस्त्रीने थोडा विचार केला आणि ब्रेकच काढून टाकला. "पुढच्या ब्रेकनंच मानूस पडतंय," असं त्याने समजावून सांगितलं. बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी मला ते दोनदा ऐकवलं.

सायकल रस्त्यावर आली त्या दिवशी साताऱ्याला पुष्कळ दिवसांनी एकमत होईल असा विषय मिळाला. मागचं चाक साधं, पुढचं अवाढव्य. डांबरावर ते घुंई असा आवाज करत येई आणि कुत्री आधी भुंकत, मग चाक जवळ आलं की गप्प होत. निवृत्त लोक बाकावरून उठून सल्ला द्यायला येत. एकाने जाड टायर मागे हवा होता म्हणून सांगितलं, एकाने दोन्हीकडे हवा होता म्हणून, आणि एका गृहस्थाने आपल्या दिवंगत मेहुण्याने हे सगळं फार पूर्वी करून सोडून दिल्याचं सांगितलं. शाळेतल्या मुली बाईंना रोडरोलर म्हणत. बाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी वर्गात रोलरच्या पुढच्या चाकाचा व्यास विचारला.

पण चाक चाललं, हे मान्य करायला हवं. ज्या खडीवर त्या पडल्या होत्या, तिच्यावरून बाई मुद्दाम खाली आल्या, वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मग मुरमाचा उतार झाला. मग माहुलीला नदीकाठच्या वाळूत. मी मागे मागे पळत असे, कारण पुढचा ब्रेक नाही आणि मागचा नावालाच, त्यामुळे थांबायच्या वेळी कुणीतरी कॅरिअर ओढायला लागे. वाळूतून त्या बैलगाडीच्या शांतपणे पलीकडे गेल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मला कुठलीही जमीन चालेल." मीही मनातल्या मनात माझी खोली पक्की करून टाकली.

दसरा झाला आणि पलूसहून निरोप आला. खोली तयार आहे, येत्या रविवारी भन्तेजी वंदनेला येणार आहेत, त्यानंतर जेवणं. आम्ही पहाटेच्या एसटीला सायकल टपावर चढवायला गेलो. कंडक्टरने पुढचं चाक बघितलं, मागचं बघितलं, पुन्हा पुढचं बघितलं. "हिला सायकल धरू का मोटारसायकल?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "इंजिन दाखवा, मग मोटारसायकल धरा." कंडक्टरने ड्रायव्हरला विचारलं, ड्रायव्हरने स्टँडवरच्या बाबूला, आणि बाबू अजून आले नव्हते. अखेर तिला अवजड सामान ठरवण्यात आलं. बाईंना हा बढती मिळाल्यासारखा निर्णय वाटला.

त्या आठवड्यात परतीचा पाऊस सांगली भागात चांगला झाला होता. साताऱ्यात भुरभुर झाली होती, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्यातून हवालदाराने पाहुण्यांचे पाय मुरगळू नयेत म्हणून मळ्याकडे जाणारी पाणंद, म्हणजे रानातली वाट, पावसाच्या आदल्याच दिवशी ट्रॅक्टरने उकरून, फळी मारून सारखी करून घेतली होती. सैन्यातल्या मैदानासारखी सपाट. तिच्यावर मग पाऊस पडला. बाई वर्षानुवर्षं वर्गात म्हणून घेत, काळी मृदा ओलावा धरून ठेवते. ती आणखी काय काय धरून ठेवते हे पुस्तकात नव्हतं, आणि डोंगराकडच्या तांबड्या मातीत वाढलेल्या, पुढे मुरमावर जन्म काढलेल्या बाईंना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पलूसला रान त्यांच्या भावाने फौजेच्या पैशातून घेतलेलं. बाई तिथे जायच्या त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत.

स्टँडपासून डांबरी रस्ता होता तोवर बाई थाटात गेल्या. मी भाड्याच्या रिक्षात मागे. पाणंदीच्या तोंडाशी रिक्षावाल्याने काळी वाट बघितली, मला उतरवलं आणि रिक्षा वळवली. पलीकडच्या टोकाला नवी खोली, तिला आंब्याचं तोरण, दाराशी भन्तेजी, पाहुणे आणि पांढऱ्या शुभ्र पँटमधला हवालदार. बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पायडल मारलं.

पहिले काही फेरे चाक झोकात गेलं. मग चिखल त्याला धरायला लागला. चिखलाला चिखल चिकटला, त्याला बाजूचं गवत चिकटलं, टायर बघता बघता दुप्पट झाला. जितका टायर जाड तितकी माती जास्त, हा हिशेब आम्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. चिमटा आणि टायर यांच्यामध्ये जी बोटभर जागा मिस्त्रीने हौसेने ठेवली होती ती भरली, आणि वाटेच्या बरोबर मध्यावर चाक फिरायचंच थांबलं. सायकल उभीच्या उभी रुतली. ती पडलीही नाही. पुढचं चाक इतकं रुंद होऊन बसलं होतं की तिला पडताच येईना. बाई सीटवर, दोन्ही पाय पायडलवर, दोन्ही हात हँडलवर. पुढे जाता येत नव्हतं, मागे येता येत नव्हतं, आणि पाय टेकायचा नव्हता.

"आक्का, थांब, हलू नगंस," असं म्हणत हवालदार निघाला. तीन पावलं आला आणि पांढऱ्या पँटसकट बसला. त्याला उठवायला भाचा धावला, तो त्याच्या शेजारी बसला. मी या बाजूने गेले. माझी एक चप्पल चिखलात राहिली, तिला शोधायला वाकले आणि मीही गेले. पाहुण्यांतला एक जाडजूड गृहस्थ आम्हा सगळ्यांना मूर्ख म्हणत आला आणि आमच्यात सामील झाला. भन्तेजी तेवढे जागच्या जागी उभे राहिले, म्हणून उभे राहिले.

चिखलात बसल्या बसल्या हवालदाराने विचारलं, "आक्का, पाय टेकला का?"

"डोळे आहेत ना तुला?"

"हायत की. पर किती येळ बसशील?"

बाईंनी पकड आणखी आवळली. मोडून जुळलेलं मनगट हँडलवर पांढरं पडलं होतं. मी जवळच होते, म्हणून मला दिसलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना माझ्यासमोर कधी रडू आलं नव्हतं आणि आता ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला माझ्या खोलीची आठवण राहिली नाही. या बाईला इथे हरताना कुणी बघू नये, एवढंच वाटत होतं.

हवालदारालाही ते दिसलं असावं. तो उठला, घसरत धडपडत खोलीकडे गेला आणि भन्तेजींसाठी मांडलेला लाकडी पाट काखेत मारून परत आला. वाटेत आणखी एकदा बसला. मग त्याने तो पाट बाईंच्या डाव्या पायाखाली चिखलावर ठेवला, दोन्ही हातांनी दाबून सारखा केला, सायकल धरली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा कवायतीच्या आवाजात म्हणाला, "पाटावर ठेव पाय. पाट म्हंजे जमीन न्हवं."

"हे नियमात बसतं का?" बाईंनी विचारलं. अशा वेळीही विचारलंच.

"नियम माजा बी हाय. ठेव."

बाई पाटावर उभ्या राहिल्या. मग दुसरा पाट आला. त्यावर दुसरा पाय, पहिला उचलून पुढे, असं करत बाई मिरवणुकीने खोलीच्या दाराशी पोचल्या. पुढे वाकून पाट ठेवणारा त्यांचा भाऊ डोक्यापासून पायापर्यंत काळा झाला होता. बाईंनी खोली आतून बघितली, खिडकी उघडून बंद केली आणि म्हणाल्या, "हवेशीर आहे. इथे हळद साठव."

जेवणं झाल्यावर हवालदाराने मला खोलीच्या मागे बोलावलं. "तुमी वरच्या मजल्यावर ऱ्हाता न्हवं?" मी हो म्हणाले. "मला घर इकायची घाई न्हाई, पोरी. पर आक्काला तिकडं काय झालं, आन् कुनाला कळलंच न्हाई तर? बा गेला तवा मी सरहद्दीवर हुतो. समदं उरकल्यावर मला तार मिळाली. तसं पुन्यांदा नगं." मी म्हणाले, "मी कळवीन तुम्हाला. लगेच." त्याने बहिणीकडून घेतला तसा माझ्याकडूनही हातावर शब्द घेतला.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. सायकल टपावर होती, चिखलासकट. "काय विचारत होता तो?" बाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. वडिलांच्या तारेचंही सांगितलं. रस्त्यात दोन नद्या लागल्या, त्यांची नावंसुद्धा बाईंनी मला विचारली नाहीत.

कराड सुटल्यावर त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "शब्द दिलायस तर पाळ. माझं काही झालं तर कळव त्याला."

"हो बाई."

"पण पडल्या असं सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

बाईंनी चिखल वाळलेला हात मांडीवर पुसला.

"उतरल्या म्हण. त्याला कळेल."